शेवटचं कधी घेतलं? व्यसनाचे पेशंट सांभाळायला शिकणाऱ्या नवीन नर्सेससाठी

नवीन नर्सेसना व्यसनाबद्दल शिकवायचं म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात आधी औषधांचा तक्ता काढतात, मीही सुरुवातीला तेच करायचे. तक्ता सगळ्यांना पाठ व्हायचा, टेस्टमध्ये मार्कही पडायचे, आणि मग वॉर्डात गेल्यावर तीच हुशार मुलगी पेशंटला विचारायची, "तुम्ही दारू वगैरे घेत नाही ना?" आता या प्रश्नाला "नाही" सोडून दुसरं काय उत्तर येणार! केसपेपरवर "व्यसन नाही" असं लिहून मोकळी. असाच एक पेशंट पाय मोडला म्हणून भरती झालेला, ऑपरेशन व्यवस्थित झालं, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून भिंतीवरच्या पाली मारत होता. भिंतीवर एकही पाल नव्हती. सगळे म्हणाले भुलेचा परिणाम असेल, मग सकाळी बायको आली, तिला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "रोज घेतात की, पण मला कुणी विचारलंच नाही."

तेव्हापासून माझं शिकवणं एका प्रश्नापासून सुरू होतं: शेवटचं कधी घेतलं? किती घेतलं हे लोक लपवतात, कमी करून सांगतात, पण शेवटचं कधी हे बऱ्याचदा खरं सांगतात कारण त्यात लाज वाटण्यासारखं फार काही वाटत नाही. आणि नर्सच्या कामाचं सांगायचं तर पुढचं जवळपास सगळं या वेळेवरच ठरतं. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने वाचा, उड्या मारू नका, निदान पहिल्यांदा तरी.

पायरी १: आधी तोंडातले शब्द बदला

हँडओव्हरमध्ये "बारा नंबरचा बेवडा" असं एकदा म्हटलं की पुढच्या शिफ्टची मुलगी त्या माणसाकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघते. त्याला दुखतंय म्हटलं तर नाटक करतोय असं वाटतं, घाम आलाय म्हटलं तर "उतरत असेल" म्हणून सोडून देतात, आणि मग त्याचं हार्ट अटॅकचं दुखणं पण तासभर बाजूला पडू शकतं. म्हणून गर्दुल्ला, नशेडी, बेवडा हे शब्द वॉर्डाच्या दाराबाहेर. "दारूचं व्यसन असलेले पेशंट" एवढं म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात. लघवीची टेस्ट "क्लीन" आली, "डर्टी" आली असंही म्हणू नका, बाकीच्या टेस्टसारखं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणा.

याच पायरीत अजून एक गोंधळ सोडवून घ्या, कारण तो मोठमोठ्या सिनियर लोकांचाही असतो. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅन्सरचा पेशंट महिनोन्महिने मॉर्फिन घेतोय, अचानक बंद केलं तर त्याला त्रास होणारच, ते व्यसन नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) व्यसनाचे ११ निकष आहेत, बारा महिन्यांत त्यातले २ किंवा ३ जुळले तर सौम्य, ४-५ मध्यम आणि ६ किंवा जास्त म्हणजे गंभीर. त्यात टॉलरन्स (तेवढ्याच परिणामासाठी जास्त-जास्त लागणं) आणि विथड्रॉवल (बंद केल्यावर होणारा त्रास) हे दोन निकष आहेत, पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच औषध घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे दोन मोजत नाहीत. बाकीचे निकष वाचलेत तर कळेल की ते बहुतेक ताबा सुटण्याबद्दल आहेत, ठरवल्यापेक्षा जास्त घेतलं जाणं, सोडायचा प्रयत्न करून न जमणं, तलफ, कामधंदा घरदार बिघडूनही चालूच राहणं. निदान डॉक्टर करतील, पण निरीक्षण तुमचं असतं.

पायरी २: विचारायचं कसं

नातेवाईक खोलीत असताना विचारू नका. हा नियम मोडायचा मोह होतो कारण कामाची घाई असते, पण आईसमोर कुठला पोरगा इंजेक्शन घेतो म्हणून सांगणारे? "जरा ड्रेसिंग बघायचंय, दोन मिनिटं बाहेर थांबता का" असं म्हणा, झालं काम.

सुरुवात अशी करा: "मी हे सगळ्यांनाच विचारते, कारण भुलेवर आणि औषधांवर याचा फरक पडतो. विचारू का?" परवानगी मागितल्याने माणूस सैल होतो. मग तंबाखू-सिगारेट, मग दारू, मग गांजा, मग झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, शेवटी इंजेक्शन, म्हणजे सांगायला सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे. आणि "घेता का?" असं नका विचारू, "आठवड्यातून साधारण किती वेळा घेणं होतं?" असं विचारा, ज्याला घ्यायची नाही तो आपोआप सांगतोच की मी घेत नाही. गोळ्यांचं वेगळं विचारावं लागतं हं, कारण झोपेची गोळी आणि खोकल्याचं औषध याला कुणी नशा समजतच नाही, दहा वर्षं रोज रात्री गोळी घेणाऱ्या आजी "मला कसलंही व्यसन नाही बाई" म्हणून हात जोडतात.

चार गोष्टी लिहायच्या: काय, किती, कसं, शेवटचं कधी. "कसं" म्हणजे तोंडाने, ओढून, नाकातून की शिरेतून. शिरेतून असेल तर हात, मांड्या, जांघा नीट बघा, गळू आहे का, लाल रेघ चढतेय का, ताप आहे का, आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी च्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला, हेपॅटायटिस बी ची लस झालीये का तेही विचारा. "कधी" मध्ये नुसतं "काल" लिहू नका, काल सकाळी की काल रात्री अकरा वाजता, वेळ लिहा.

"किती" चं गणित थोडं करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल (ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमचं युनिट आहे, अमेरिकेत १४ ग्रॅमचं ड्रिंक, त्यामुळे इंटरनेटवरचे आकडे बघताना आधी कुठल्या देशाचं आहे ते बघा). मिलिलिटर गुणिले टक्के गुणिले ०.७९ केलं की ग्रॅम येतात. म्हणजे ४० टक्क्यांची ७५० मिलीची एक बाटली साधारण २३७ ग्रॅम, जवळपास चोवीस ड्रिंक. "दोनच पेग" म्हणणाऱ्याला ग्लास हाताने दाखवायला सांगा, बोटं किती उंच जातात ते बघा आणि मग लिहा.

पायरी ३: स्केल वापरा, पण कागदामागे लपू नका

सगळी स्केल एकदम शिकायला जाऊ नका, डोकं फिरतं. आधी ऑडिट शिका, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची दारूबद्दलची प्रश्नावली. १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ४०. पहिले तीन किती आणि किती वेळा याबद्दल, पुढचे तीन ताबा सुटण्याबद्दल, शेवटचे चार झालेल्या नुकसानाबद्दल. ८ किंवा जास्त आलं की धोक्याचं पिणं, २० किंवा जास्त म्हणजे अवलंबित्व असण्याची शक्यता बरीच, तज्ञाकडे पाठवा. वेळ नसेल तर पहिले तीनच विचारायचे, त्याला ऑडिट-सी म्हणतात, तिथे पुरुषांसाठी साधारण ४ आणि बायकांसाठी ३ ला कान टवकारायचे. केज नावाच्या दुसऱ्या प्रश्नावलीचे चार प्रश्न अजून जुने आहेत आणि लक्षात ठेवायला सोपे, पण ते आयुष्यभरातलं विचारतात, आत्ता काय चाललंय ते कळत नाही, आणि अजून व्यसन न लागलेला पण जास्त पिणारा माणूस त्यातून सटकतो. म्हणून मला ऑडिट जास्त आवडतं. दारू सोडून बाकी नशेसाठी डास्ट-१०, आणि तंबाखूपासून इंजेक्शनपर्यंत सगळं एकाच फॉर्ममध्ये हवं असेल तर असिस्ट, तोही जागतिक आरोग्य संघटनेचाच आहे. तंबाखूला फॅगरस्ट्रॉमची टेस्ट, सहा प्रश्न, दहापैकी मार्क, आणि त्यातला एकच विचारायला वेळ असेल तर हा विचारा: उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत ओढता? पाच मिनिटांच्या आत म्हणाला की समजून जा.

प्रश्न वाचून दाखवताना मान वर ठेवा. एवढंच सांगते.

पायरी ४: घड्याळ लावा

आता आपला मूळ प्रश्न. शेवटची दारू कधी घेतली ते कळलं की खालचं वेळापत्रक डोक्यात चालू झालं पाहिजे:

साधारण ६ ते ८ तासांनी हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, झोप नाही, छातीत धडधड. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत. आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे ते पाली मारणं, दिवस-वेळ न कळणं, ताप, नाडी सुसाट, हे सहसा ४८ ते ९६ तासांत. माझा तो पाय मोडलेला पेशंट आठवा, तिसरी रात्र, बरोब्बर त्या खिडकीत. पहिल्या दिवशी वेळ लिहिली असती तर तिसरी रात्र आलीच नसती. आधी कधी दारू सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का हे हमखास विचारा, कारण ज्याला आधी झालंय त्याला परत व्हायची शक्यता जास्त आणि दर वेळी जास्त जोरात होऊ शकतं.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचं, म्हणजे बेंझोडायझेपीनचं, घड्याळ हळू चालतं. लवकर उतरणाऱ्या गोळ्या असतील तर एक-दोन दिवसांत, लांब टिकणाऱ्या असतील तर दोन ते सात दिवसांत त्रास सुरू होतो, त्यातही फिट येते. दारू आणि या गोळ्या, या दोन्हींचं विथड्रॉवल जीव घेऊ शकतं हे लाल पेनाने लिहून ठेवा. गोळ्या कधीच एकदम बंद करायच्या नाहीत, टप्प्याटप्प्याने कमी करतात.

हेरॉइनसारख्या लवकर उतरणाऱ्या ओपिऑइडचं (ओपिऑइड म्हणजे अफू-मॉर्फिनच्या जातीची औषधं आणि नशा) ८ ते २४ तासांत सुरू होतं आणि ४ ते १० दिवस चालतं, मेथाडोनचं १२ ते ४८ तासांत सुरू होऊन १० ते २० दिवस रेंगाळतं. पेशंटला वाटतं मरतोय, पण एरवी धडधाकट माणूस सहसा यात मरत नाही, मात्र उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होणं सांभाळावं लागतं. गरोदर बाई असेल तर ओपिऑइड एकदम तोडायचं नाही, तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवतात, ही ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार म्हणून देतात ती औषधं. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) अशी तरतरी आणणारी नशा घेणारे ती थांबल्यावर पहिले काही दिवस नुसते झोपतात, खातात, आणि मन एकदम खाली जातं, तिथे आत्महत्येचा विचार येतोय का हे स्पष्ट शब्दांत विचारा, विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. गांजाचं चिडचिड, झोप उडणं, भूक न लागणं, एक-दोन आठवडे.

पायरी ५: सीवा करायला हाताने शिका

दारूच्या विथड्रॉवलला सीवा-एआर स्केल वापरतात. १० गोष्टी, ९ गोष्टींना ० ते ७ आणि दिवस-जागा-वेळ कळतंय का याला ० ते ४, एकूण ६७. साधारण ८ ते १० च्या खाली सौम्य, १५ च्या वर गेलं की डॉक्टरांना झोपेतून उठवायला लाजू नका.

वाचून हे येत नाही, हात लावावा लागतो. थरथर बघताना पेशंटला दोन्ही हात समोर सरळ धरायला आणि बोटं फाकवायला सांगा. नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना अलगद लावा, मोबाईल व्हायब्रेटवर असल्यासारखं बारीक जाणवतं, तो १. हात न पसरताही थरथरतायत तो ७. कपाळावर घामाचे थेंब दिसले की ४. मग विचारा, "अंगावर मुंग्या चालल्यासारखं, टाचण्या टोचल्यासारखं होतंय का? आवाज नेहमीपेक्षा कर्कश वाटतायत का? लाईट डोळ्यांना लागतेय का?" भास होतायत का असं थेट विचारलं तर "मी काय वेडा आहे का" असं ऐकायला मिळतं.

दोन गोष्टी नवीन मुली नेहमी चुकतात. एक, नाडी आणि बीपी सीवाच्या मार्कांत धरतच नाहीत, ते वेगळं लिहायचं, पण लिहायचंच. दुसरं, सीवा बोलणाऱ्या पेशंटसाठी आहे. जो बरळतोय, ज्याला काही कळत नाहीये, त्याचा सीवा भरून "१२ आला" असं सांगण्यात काही अर्थ नाही, त्याला थेट डॉक्टर हवेत. आणि घाम-थरथर दिसली म्हणजे दारूच असं धरून बसू नका, शुगर तपासा, डोक्याला मार लागलाय का बघा, इन्फेक्शन आहे का बघा.

स्कोअरप्रमाणे डॉक्टर बेंझोडायझेपीन देतात, लिव्हर खराब असेल तर सहसा लोराझेपाम निवडतात. गोळी दिल्यावर तासाभराने परत स्कोअर घ्या, श्वास आणि गुंगी बघा. आणि थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१! रोज पिणारा, खाणं धड नसलेला माणूस आला की थायमिनचं इंजेक्शन लिहिलंय का हे तुम्हीच आठवण करून द्या, आणि ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी किंवा बरोबर ते जायला हवं, कारण शरीरात थायमिन संपलेलं असताना नुसती साखर ओतली तर मेंदूचा उरलेला साठाही वापरून टाकला जातो आणि वर्निके, म्हणजे थायमिन कमी पडून होणारा मेंदूचा आजार, होऊ शकतो. गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं ही तिन्ही लक्षणं एकदम दिसतील म्हणून वाट बघू नका, बऱ्याच जणांत एखादंच दिसतं. फक्त एक, शुगर खरंच खाली गेली असेल तर थायमिन शोधत बसून ग्लुकोज थांबवायचं नाही.

पायरी ६: ओपिऑइड, इथे घाई नडते

ओपिऑइडच्या विथड्रॉवलचं स्केल काऊज, ११ गोष्टी, एकूण ४८. नाडी आधी, पण पेशंटला एक मिनिट शांत बसवून मग, जिने चढून आलेल्याची नाडी मोजली तर स्कोअर खोटा येतो. बाहुल्या, नाक गळणं, जांभया, हाडं दुखणं, अंगावर काटा. काट्यासाठी हातावरून उलट्या दिशेने हात फिरवा, केस उभे राहिलेले हाताला लागतात. बाहुल्या आणि काटा यांचं सोंग करणं कठीण, म्हणून मला या दोन खुणा फार भरवशाच्या वाटतात.

काऊज एवढं महत्त्वाचं का, तर ब्युप्रेनॉर्फिनमुळे. हे औषध मेंदूतल्या त्याच जागांना हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटतं पण अर्धंच काम करतं. अंगात हेरॉइन असताना दिलं तर ते आधीच्याला ढकलून स्वतः बसतं आणि पेशंटला अर्ध्या तासात भयंकर विथड्रॉवल येतं, आणि एकदा असं झालं की तो परत त्या औषधाला हात लावत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून लवकर उतरणाऱ्या ओपिऑइडनंतर निदान १२ तास, मेथाडोननंतर २४ तासांहून जास्त, आणि नुसतं घड्याळ नाही तर काऊजमध्येही त्रास दिसायला हवा, बऱ्याच ठिकाणी ८ ते १२ च्या पुढे गेल्यावर देतात. इथे पेशंट खोटं सांगतो कारण त्याला लवकर आराम हवा असतो, त्याला आधीच सांगा, "वेळ खरी सांगितलीत तर तुमचाच त्रास वाचेल."

गोळी जिभेखाली ठेवायची, आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करायचं, मग पाच-दहा मिनिटं बोलणं नाही, गिळणं नाही. गिळली तर जवळपास वाया. तुम्ही समोर उभ्या राहा, शेवटी जीभ उचलून बघा. विरघळल्यावर पाण्याची चूळ भरून गिळायला सांगा आणि तासभर ब्रश नको, दातांसाठी. मेथाडोनचं उलटं, ते लगेच पूर्ण कळत नाही, शरीरात साठत जातं, त्यामुळे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. डोस द्यायच्या आधी पेशंट गुंगीत वाटला तर डोस थांबवून विचारा, रागावला तर रागावू दे.

पायरी ७: ओपिऑइडचा ओव्हरडोस

बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मंद किंवा बंद, हाक मारून उठत नाही. आधी मदतीला हाक मारा आणि श्वास द्या, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), ऑक्सिजन. नालोक्सोन (ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध) शोधायला सगळे पळतात आणि पेशंटजवळ कुणी राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नालोक्सोन साधारण ०.४ ते २ मिलिग्रॅम, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर परत. रोज घेणाऱ्याला कमी डोसपासून सुरू करतात, श्वास नीट चालू झाला की पुरे, तडक उठून बसवायचं नाही, नाहीतर उलट्या आणि मारामारी.

आणि परत घड्याळ! नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं. मेथाडोन त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ अंगात असतं. पेशंट उठला, चप्पल घातली, "मी ठीक आहे" म्हणाला, घरी गेला, आणि तिथे परत श्वास थांबला, असं होऊ शकतं. बसवून ठेवा, श्वास मोजत राहा.

पायरी ८: बोलणं

नर्सकडे डॉक्टरपेक्षा एक गोष्ट जास्त असते, रात्री अडीच वाजताची वेळ. पेशंट त्या वेळी जे बोलतो ते राउंडमध्ये बोलत नाही. पण आपली सवय काय, की लगेच सल्ला. "बघा, मुलं लहान आहेत, सोडा आता." हे त्याला माहितेय, त्याने स्वतःला तुमच्यापेक्षा शंभर वेळा जास्त सांगितलंय.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायची कारणं पेशंटच्याच तोंडून काढणारी बोलण्याची पद्धत, मिलर आणि रोलनिक या दोघांनी घडवली, मिलरचा पहिला लेख १९८३ चा. त्यातलं एक हत्यार आजच वापरता येईल असं सांगते. विचारा, "सोडणं तुम्हाला ० ते १० मध्ये किती महत्त्वाचं वाटतं?" तो म्हणेल ४. आता आपण बोलून जातो "फक्त ४ का?" आणि तो न सोडण्याची कारणं मोजायला लागतो. त्याऐवजी विचारा, "४ का, २ का नाही म्हणालात?" आता त्याला सोडण्याची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगावी लागतात, आणि माणूस स्वतःचंच बोलणं सगळ्यात जास्त मानतो. मग गप्प बसा. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत परत म्हणा, "म्हणजे मुलीने तुमच्याशी बोलणं बंद केलं ते लागलंय." पाच ते पंधरा मिनिटांचं एवढं बोलणंही जास्त पिणाऱ्यांत पिणं कमी करायला मदत करतं, मात्र व्यसन पक्कं झालेल्या माणसाला तेवढ्यावर सोडू नका, पुढचे उपचार जोडून द्या.

पायरी ९: घरी पाठवताना

दारू सोडायला मदत म्हणून डायसल्फिराम सुरू करणार असतील तर शेवटच्या दारूला निदान १२ तास झालेले हवेत, आणि त्यावर दारू घेतली तर तोंड लाल, उलट्या, बीपी खाली, जिवावरही बेतू शकतं. खोकल्याच्या काही औषधांत, माउथवॉशमध्ये, आफ्टरशेव्हमध्ये अल्कोहोल असतं ते सांगा. आणि नातेवाईक हळूच विचारतील, "जेवणात मिसळून देऊ का, त्यांना न सांगता?" नाही म्हणजे नाही. त्याला माहीत नसताना तो पिणार आणि तुम्ही दिलेल्या औषधाने तो मरू शकतो, एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगा. व्यसन परत लागू नये म्हणून द्यायच्या बाकी औषधांत, नाल्ट्रेक्सोनला ओपिऑइड बंद होऊन ७ ते १० दिवस झालेले हवेत, अकॅम्प्रोसेटला किडनीचा रिपोर्ट बघा.

डिटॉक्स (नशा अंगातून उतरवायचे पहिले दिवस) संपलं म्हणजे उपचार संपले असं घरच्यांना वाटतं. ओपिऑइडच्या पेशंटच्या बाबतीत तर डिटॉक्सनंतरचे, जेलमधून सुटल्यानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे, कारण शरीराची सवय गेलेली असते आणि तो जुनाच डोस घेतो. हे पेशंटला आणि घरच्यांना तोंडावर सांगा, नालोक्सोन घरी देता येत असेल तर द्या आणि वापरून दाखवा. परत घेतली तर ओरडायला नाही तर भेटायला या असं सांगून तारीख-वेळ लिहून द्या. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याच्या गटांची माहितीही द्या, कुणाला जमतं, कुणाला नाही, जबरदस्ती नको.

सराव कसा करायचा

पहिल्या आठवड्यात फक्त पायरी २. दोघी-दोघी बसा, एक पेशंट, एक नर्स, आणि पेशंट झालेलीने ठरवून एक गोष्ट लपवायची. दुसऱ्या आठवड्यात एकाच पेशंटचा सीवा दोघींनी वेगवेगळा भरायचा आणि मग आकडे जुळवायचे, ३-४ मार्कांपेक्षा जास्त फरक आला तर परत बेडजवळ जाऊन कुठे चुकलं ते बघायचं. तिसऱ्यात एक दिवस ओपीडीत बसा, सोडून वर्ष-दोन वर्षं झालेले लोक तिथे भेटतात, वॉर्डात आपल्याला फक्त परत-परत येणारेच दिसतात त्यामुळे कुणी सुधारतच नाही असं वाटायला लागतं. औषधं द्यायची, स्कोअरवरून डोस ठरवायची परवानगी नर्सला कुठवर आहे हे तुमच्या इथल्या प्रोटोकॉलमधून वाचून घ्या, माझ्या किंवा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि या कामात आपल्यापैकीच कुणी गोळ्यांच्या नादी लागलेलं दिसलं, कपाटातला हिशोब जुळेनासा झाला, तर गप्प बसू नका, तोही पेशंटच आहे.

हँडओव्हरचं वाक्य मात्र पहिल्या दिवसापासून असं म्हणायला लागा: "बेड बारा, दारूचं व्यसन असलेले पेशंट, शेवटची काल रात्री साडेनऊला, आधी एकदा फिट, सीवा आत्ता ९, थायमिन गेलंय, पुढचा स्कोअर चार वाजता."